पेटीतले दप्तर : येलदरीच्या काठावर घराण्याचा इतिहास कसा शोधावा

१.
२०२३ च्या पावसाळ्याअखेरीस मराठवाड्यातील असंख्य घरांत माळ्यावरच्या लोखंडी पेट्या खाली उतरल्या. शाळेचे दाखले, शेतसाऱ्याच्या पावत्या, घडीवर फाटलेली खरेदीखते आणि फिकट छायाचित्रे पुन्हा उजेडात आली. शोध एका शब्दाचा होता : ‘कुणबी’. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा करणे हा या धाग्याचा हेतू नाही. त्या पेट्यांतील ऐवज कोठून आला, तो वाचावा कसा आणि पुढच्या पिढीसाठी जपावा कसा, एवढेच येथे पाहायचे आहे. उदाहरणादाखल प्रदेश घेऊ परभणी जिल्ह्यातील येलदरीचा.

२.
प्रथम पार्श्वभूमी. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन नोंदींच्या आधारे मराठवाड्यात कुणबी प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम होते. ऑक्टोबरअखेर शासनाने जाहीर केलेला हिशेब बोलका होता : सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या, त्यांत हवा तो उल्लेख साडेअकरा हजारांच्या आसपास सापडला. गवताच्या गंजीत सुई शोधण्याचाच हा प्रकार. पण इतकी गंजी उपसली गेल्यामुळे सामान्य माणसाचे नाव कोणकोणत्या कागदात दडलेले असते, हे प्रथमच सर्वांच्या लक्षात आले.

३.
या काळात ‘हैदराबाद गॅझेटिअर’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्याविषयी एक गैरसमज आजही आढळतो. गॅझेटिअर किंवा जनगणनेचा अहवाल चाळला की पणजोबांचे नाव मिळेल, असे अनेकांना वाटते. ते मिळत नाही. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ साली झाली. तिच्या छापील अहवालांत जिल्हावार लोकसंख्या, जाती, धर्म, व्यवसाय यांचे आकडे आहेत. तेथे माणूस मोजला जातो, पण त्याचे नाव उरत नाही. समाजाचा इतिहास अशा आकड्यांतून लिहिता येतो. घराण्याचा इतिहास मात्र नावांशिवाय उभा राहत नाही.

४.
मग नावे असतात कोठे? शोधमोहिमेत तपासलेल्या अभिलेखांची यादीच याचे उत्तर देते. महसुलात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, शेतवार पत्रक. गावपातळीवर जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४. शाळेत प्रवेश-निर्गम नोंदवही. निबंधकाकडे खरेदीखत, मृत्युपत्र, दत्तकविधान. पोलिसांकडे अटकेचे पंचनामे, कारागृहात कच्च्या कैद्यांची नोंदवही. शिवाय १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. जमीन घेताना, मूल शाळेत घालताना किंवा फौजदारीत सापडताना माणूस सरकारच्या वहीत शिरतो. तेवढ्या क्षणांपुरतेच त्याचे नाव काळाच्या तावडीतून सुटते.

५.
आता येलदरी. जिंतूर तालुक्यातील हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाते. आज नदीच्या एका काठावर परभणी जिल्हा आहे, तर दुसऱ्या काठावर हिंगोली. पूर्णा प्रकल्पातील हे मातीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर धरण. या पाण्याने मोठा प्रदेश भिजला, तसेच नदीकाठची काळीभोर जमीन आणि वस्त्याही जलाशयाच्या पोटात गेल्या. जेथे गावठाण, देऊळ, बारव आणि घरांचे पाये हेच इतिहासाचे साधन असते, तेथे ते साधनच पाण्याखाली जाते. अशा घरांकडे उरते ती पेटी.

६.
येथे एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे : १३ ऑक्टोबर १९६७. इतर मागासवर्गाच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचे वास्तव्य या दिवशी कोठे होते, हे महाराष्ट्रात पाहिले जाते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ अशा तारखा आहेत. पूर्णाकाठची घरे याच काळात उठत होती. म्हणजे कायदा ज्या क्षणी ‘तुमचे गाव कोणते’ असे विचारतो, नेमक्या त्याच काळात अनेकांचे गाव बदलत होते. जुन्या कागदावर एक गाव आणि नव्यावर दुसरे असे दिसले, तर त्यामागे ही कथा असू शकते.

७.
ही दोन गावे जोडणारा दुवा म्हणजे भूसंपादनाचा निवाडा. शेताचा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, धारकाचे नाव आणि मोबदला त्यात असतो. विहीर, झाडे, घर यांची किंमत केली असल्यास तीही नोंदलेली असते. मोबदल्याचा वाद न्यायालयात गेला असेल तर वारसांची नावे क्रमाने येतात. बहुतेक घरांत हा कागद ‘पैसे मिळाले, काम संपले’ म्हणून दुर्लक्षित राहतो. वास्तविक बुडालेल्या शेताचे आणि परसातल्या आंब्याचे ते कदाचित एकमेव लिखित वर्णन असते. पेटीत तो सापडला तर सर्वांत आधी त्याची प्रत करावी.

८.
कागद शोधायला कोणत्या दारी जावे, हे कोणत्या काळी कोणाचे राज्य होते यावरून ठरते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. एकाच घराण्याचे कागद म्हणूनच तहसील, दोन जिल्ह्यांची अभिलेख कक्षे, छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेख कार्यालय आणि हैदराबादचे राज्य अभिलेखागार इतक्या ठिकाणी विखुरलेले असू शकतात. शिंदे समितीलाही हैदराबादची वाट धरावी लागली, ती याच कारणाने.

९.
उत्तरेची सीमा आणखी एक पेच घालते. येलदरीपासून वऱ्हाड दूर नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. त्यानंतर एकाच भावकीची एक शाखा इंग्रजी अमलात आणि दुसरी मोगलाईत, असे घडले. सोयरीक चालू राहिली, पण दप्तरे वेगळी झाली. परभणीकडे नोंद सापडत नसेल, तर बुलढाणा-वाशिमकडील भाऊबंदांची जन्म-मृत्यू नोंदवही पाहावी. तेथे कारभाराची भाषा आणि सनही निराळे असतात. सीमेपलीकडचा चुलत पणजोबा कधी कधी अलीकडच्या पणजोबाची साक्ष देतो.

१०.
भाषा आणि लिपीचा प्रश्न मोठा आहे. संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचा पटवारी मोडीत लिहीत असे, तर वरच्या कचेरीत उर्दू चाले. परिणामी एकाच घरात मोडी, उर्दू आणि बालबोध असे तीन प्रकारचे कागद निघतात. ‘उर्दू कागद आहे, म्हणजे आपला नाही’ असे समजून ते टाकून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत. जो कागद वाचता येत नाही तो सर्वांत जपून ठेवावा. त्याचा वाचक आज घरात नसेल, उद्या मिळेल.

११.
अशा कागदातील काही शब्द ओळखू आले तरी बरेच काम होते. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कौम’ म्हणजे जात वा समाज. ‘साकीन’ म्हणजे राहणार. ‘जौजे’ म्हणजे अमक्याची पत्नी. ‘बेवा’ म्हणजे विधवा. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसते. नाव, बापाचे नाव आणि गाव एवढ्यावरच ओळख संपते. आजच्या आडनावाने शोधणाऱ्याला म्हणून काहीच सापडत नाही. शोध आडनावाने न करता बाप-लेकांच्या जोडीने करावा : अमुक वल्द तमुक, आणि त्यानंतर तमुक वल्द कोण.

१२.
सन उलगडण्याची रीतही शिकून घ्यावी. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आजूर महिन्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सनात ५९० मिळवावेत, जानेवारीपासून पुढे ५९१. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान असा महिन्यांचा क्रम. खुर्दाद १३४२ फसली म्हणजे साधारण एप्रिल १९३३. मोडी कागदावर शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. सन चुकला की बाप आणि लेक यांची पिढीच उलटी होते.

१३.
आता छायाचित्रे. निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ यांच्यासारखा नामांकित छायाचित्रकार एकोणिसाव्या शतकातच होता, पण खेड्यातील घरात छायाचित्र पोहोचायला फार काळ जावा लागला. अनेक घरांत सर्वांत जुना फोटो तालुक्याच्या स्टुडिओतला असतो : मागे रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी, हातात घड्याळ. त्यातील घड्याळ वा कोट त्या माणसाचाच असेल असे नाही. स्टुडिओत अशा वस्तू ठेवलेल्या असत. त्यावरून घराच्या श्रीमंतीचा निष्कर्ष काढणे धोक्याचे.

१४.
छायाचित्राचा काळ ठरवताना चेहऱ्याआधी कागद पाहावा. स्टुडिओचा शिक्का, पुठ्ठ्याचा प्रकार, कातरलेली नागमोडी कड, चौकोनी आकार या खुणा बोलतात. सहा सेंटिमीटरचा लहान चौकोनी फोटो असेल, तर तो आग्फा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्याचा असू शकतो. साठ-सत्तरच्या दशकांत हा कॅमेरा भारतात लोकप्रिय होता. कृष्णधवल प्रती चांदीच्या संयुगांवर उमटलेल्या असल्याने बऱ्याचदा टिकतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत प्रतींचे रंग मात्र लवकर उडतात. डिजिटल प्रत करताना अग्रक्रम म्हणून रंगीत फोटोंनाही द्यावा. ‘जुने आधी’ हा नियम येथे लागू पडत नाही.

१५.
प्रत करण्यापूर्वी एक पथ्य : पेटीतील क्रम मोडू नये. अभिलेखशास्त्रात मूळ क्रमाला फार महत्त्व आहे. खरेदीखताच्या घडीत ठेवलेला फोटो, एका सुतळीने बांधलेल्या पावत्या, एका रुमालातील चार कागद हे कोणीतरी काही हेतूने एकत्र ठेवलेले असतात. पेटी उघडताच वरून तिचा फोटो घ्यावा. मग प्रत्येक गठ्ठ्याला पेन्सिलीने क्रमांक द्यावा आणि कोणत्या गठ्ठ्यात काय होते हे वहीत लिहावे. वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. अशा घरगुती रुमालांतूनच महाराष्ट्राचा इतिहास मोठ्या प्रमाणात उभा राहिला आहे.

१६.
हाताळणी साधी असावी. हात धुऊन कोरडे करावेत. कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, पुसण्यासाठी पाणी वापरू नये. घडी सक्तीने उलगडू नये. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढण्यापेक्षा पानासकट त्याची प्रत घ्यावी. कसर लागलेले कागद इतरांपासून वेगळे ठेवावेत. प्रत झाल्यावर मूळ कागद टाकून देणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. शाईचा दाब, शिक्क्याचा उठाव आणि मुद्रांकाच्या कागदातील जलचिन्ह प्रतीत पूर्णपणे उतरत नाहीत, आणि शंका निर्माण झाली की मूळ कागदच मागितला जातो.

१७.
स्कॅनर असेल तर कागदासाठी ३०० आणि छायाचित्रासाठी ६०० डीपीआय पुरे. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, वाटण्यासाठी जेपेग वेगळी करावी. स्कॅनर नसेल तर मोबाइलही चालतो : खिडकीजवळचा मऊ उजेड, फ्लॅश बंद, कागदाला समांतर कॅमेरा, शेजारी मोजपट्टी. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचीही प्रत घ्यावी. पेन्सिलीची पुसट अक्षरे पडद्यावर मोठी केल्यावर दिसू लागतात. मूळ प्रतीवर रंग उजळणे, डाग पुसणे असे काहीही करू नये. ते सोपस्कार दुसऱ्या प्रतीवर करावेत.

१८.
फाइलचे नाव हे तिचे कपाळ समजावे. वर्ष, गाव, विषय, गठ्ठा क्रमांक असा ठरावीक क्रम ठेवावा. वर्ष अंदाजे असेल तर ‘अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यासोबतची तांत्रिक माहितीही गळते. म्हणून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तीन प्रती, दोन निरनिराळी माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या गावी, हा जुना संगणकी नियम धरणाकाठच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सारे एकाच ठिकाणी असले की काय होते, ते या खोऱ्याने पाहिले आहे.

१९.
यानंतरचे काम यंत्राकडून होत नाही : फोटोतील माणसांना नावे देणे. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीसमोर प्रत ठेवावी आणि बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ‘हे कोण?’ एवढेच विचारून थांबू नये. फोटो कोणत्या निमित्ताने काढला, कोण यात नाही आणि का नाही, मागे दिसणारी भिंत कोणत्या गावची, हेही विचारावे. उत्तर कोणी दिले आणि कधी दिले, ते नोंदवावे. दोन आज्यांनी एकाच माणसाची दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. निर्णयाची घाई करू नये.

२०.
वंशावळीतील सर्वांत मोठे रिकामे घर स्त्रियांचे आहे. पारंपरिक वंशावळ बापाकडून लेकाकडे जाते. लग्नात अनेकींचे पहिले नावही बदले, त्यामुळे माहेरच्या कागदात एक नाव आणि सासरच्या कागदात दुसरे. त्यांचा माग काढण्यासाठी एक कागद फार उपयोगी आहे : हक्कसोडपत्र. बहिणींनी भावासाठी जमिनीवरील हक्क सोडताना त्यांची नावे, पतीची नावे आणि सासरची गावे त्यात लिहिली जातात. तलाठ्याकडील वारसा नोंदवहीतही, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, मुली सापडतात. ज्या कागदाने त्यांचा वाटा गेला, त्याच कागदात त्यांचे नाव उरले आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांत आईचे नाव बंधनकारक झाले; त्याआधीच्या आया मात्र आपणच शोधायच्या आहेत.

२१.
ज्यांच्या घरी पेटीच नाही, त्यांचे काय? जमीन नव्हती म्हणून सातबारा नाही, शाळा नव्हती म्हणून दाखला नाही, स्टुडिओला पैसे नव्हते म्हणून फोटो नाही. कागदाची अनुपस्थिती ही त्या घराण्याला इतिहास नसल्याची खूण ठरत नाही. वही कोणाच्या हाती होती, याची ती खूण आहे. मराठवाड्यात मातंग समाजाची कुळकथा डक्कलवार सांगत आले. अनेक समाजांच्या वंशावळी भाटांच्या वह्यांत आणि मुखी आहेत. ही साक्ष ध्वनिमुद्रित करणे हे मोडी कागद स्कॅन करण्याइतकेच तातडीचे आहे. गायक गेला की ते दप्तर कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.

२२.
तीर्थक्षेत्रे हेही मोठे साधन आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचे गाव, कुळ, सोबतचे आप्त यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. हरिद्वार आणि उत्तरेतील आणखी काही तीर्थांच्या अशा वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतील युटा येथील वंशावळ संस्थेने घेतली असून त्यांचा मोठा संग्रह झाला आहे. आपल्याकडे मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे मोडी मजकूर आता संगणकावर मोडीतच साठवता येतो. राज्याच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही अनेक जिल्ह्यांचे जुने महसुली कागद पाहता येतात.

२३.
शेवटची गोष्ट प्रामाणिकपणाची. जातपडताळणीत जुन्या कागदाला वजन असते. जमातीच्या दाव्यासंबंधी २०११ साली दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वातंत्र्यपूर्व कागदांवर अधिक भर दिला आहे. वजन आहे म्हणूनच मोहही होतो : एखादे अक्षर गडद करण्याचा, नको असलेली नोंद बाजूला ठेवण्याचा. कागदातून शिक्षण, नोकरी, जमीन ठरत असताना हा मोह समजण्याजोगा आहे, क्षम्य नाही. एक खाडाखोड उघडकीस आली की त्या वहीतील इतर पन्नास घरांच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो. हवी ती आणि नको ती, अशा दोन्ही नोंदी जपणारालाच इतिहासाचा अभ्यासक म्हणता येईल.

२४.
तेव्हा सुरुवात कोठून करावी? एक वही, एक पेन्सिल आणि एक रविवार पुरे. पहिल्या पानावर आजोबा, आजी, त्यांचे आईवडील यांची नावे, दोन्ही बाजूंची गावे आणि माहीत असलेले सन. जेथे माहिती नाही तेथे रिकामी रेघ. मग पेटी. प्रती झाल्या की एक संच चुलत्यांकडे आणि एक आत्याकडे द्यावा, कारण पेटी एका घरात असली तरी त्यातील माणसे साऱ्या भावकीची आणि माहेरवाशिणींची असतात. जिवंत माणसांचे कागद मात्र त्यांच्या संमतीशिवाय समाजमाध्यमावर टाकू नयेत. रिकाम्या रेघांपैकी कोणती रेघ कोण भरू शकेल, त्या व्यक्तीचे वय काय, हे प्रत्येक रेघेपुढे लिहावे. कोणाला आधी भेटायला जायचे, ते त्या आकड्यांवरून ठरते.